आपल्याकडं काय बर्फ पडतंय?

कूलंटने इंजिन पाण्यापेक्षा कमी गार होतं. हे वाक्य मी गॅरेजमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये टाकून पाहिलं आहे. समोरचा हमखास चमकतो. मग एक तर वाद पेटतो, नाही तर "मग घालायचं कशाला ते?" असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पंगतीत देता येत नाही, जेवण गार होतं. म्हणून इथे लिहितो.

आधी वाक्याचा हिशेब देतो. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला सुमारे 4.18 किलोज्यूल उष्णता लागते. अर्धं पाणी आणि अर्धं इथिलीन ग्लायकॉल असं मिश्रण, म्हणजे नेहमीचं कूलंट, घेतलं तर हाच आकडा साडेतीनच्याही थोडा खाली येतो. म्हणजे तेवढीच उष्णता अंगावर घेऊन हे मिश्रण पाण्यापेक्षा लवकर तापतं. धातूकडून उष्णता उचलून पुढे द्यायच्या कामातही ते मागे पडतं, आणि पाण्यापेक्षा दाट असल्यामुळे पंपाला ते ढकलायला जास्त जोर लागतो. उष्णता वाहून नेणारा द्रव म्हणून पाण्याच्या जवळ येईल असं स्वस्त, न जळणारं, बिनविषारी दुसरं काही माणसाला अजून सापडलेलं नाही.

पाण्याला काम काय आहे तेही पाहा. इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा ज्वालेचं तापमान 2000 अंशांच्या वर असतं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळ तिसरा हिस्सा गाडी पळवतो, तिसरा सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो आणि उरलेला इंजिनाच्या अंगात मुरतो. तो वेळच्या वेळी बाहेर नेला नाही तर हेड वाकतं, गॅस्केट जातं, शेवटी इंजिन सीज होतं. हे बाहेर नेण्याचं काम पाणी करतं. उत्तम करतं. पण त्याला चार खोडी आहेत: गोठतं, उकळतं, गंजवतं आणि क्षार सोडतं. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत रेडिएटरमध्ये जे काही घातलं गेलं, ते गारव्यासाठी फारसं नव्हतंच, ते या चार खोडींच्या बंदोबस्तासाठी होतं.

अगदी सुरुवातीला तर उकळू देणं हीच पद्धत होती. कार्ल बेंझच्या 1886 च्या तीनचाकीत पाणी इंजिनाभोवती उकळून वाफ होऊन जायचं आणि उष्णता घेऊन जायचं. गेलं तेवढं पुन्हा भरायचं. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटरचा तो प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून सांगितला जातो. त्यात ती वाटेत ठिकठिकाणी थांबून पाणी भरत होती, हा भाग मात्र कोणी फार सांगत नाही. मला तोच जवळचा वाटतो. आपल्या घाटात पन्नास-साठ वर्षं हेच चाललं होतं. फरक इतकाच, की तिच्या गाडीत ते मुद्दाम होतं.

वाफ वाया घालवण्याऐवजी तेच पाणी फिरवून गार करायचं, ही युक्ती नीट जमवली विल्हेल्म मायबाख या जर्मन इंजिनिअरने. 1901 साली गाजलेल्या मर्सिडीज 35 एचपीच्या रेडिएटरमध्ये त्याने सहा बाय सहा मिलिमीटरच्या 8070 बारीक नळ्या एकमेकींना जोडल्या. त्यांच्या आतून वारा जायचा आणि मधल्या फटींतून पाणी. त्यामुळे गाडीला नऊ लिटर पाणी पुरायला लागलं. आज गाडीसमोर जे जाळीदार चौकोनी तोंड दिसतं, त्याचं मूळ हे.

उकळण्याची सोय झाली, गोठण्याची राहिली. थंड देशांत रात्री गाडीत पाणी राहिलं की ते बर्फ होताना सुमारे नऊ टक्के फुगायचं आणि बिडाचा ब्लॉक तडकायचा. त्यावर लोकांनी काय काय घातलं! अल्कोहोल घातलं, ते गरम होताच उडून जायचं. ग्लिसरीन घातलं, ते घट्ट आणि महाग. मीठपाणी घातलं, त्याने लोखंड खाल्लं. मध आणि साखरही घालून पाहिली. इथिलीन ग्लायकॉल मात्र सगळा वेळ प्रयोगशाळेत पडून होतं. शार्ल-अडॉल्फ वुर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1850 च्या दशकातच ते तयार केलं होतं. मोटारीत ते यायला 1920 चं दशक उजाडावं लागलं. ते उडून जात नाही, 197 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि पाण्यात निम्मं मिसळलं की मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. गंमत म्हणजे नुसतं ग्लायकॉल उणे 13 लाच गोठतं. म्हणजे जास्त चांगलं म्हणून निव्वळ कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, ओतून कोणी हिवाळ्यात लडाखमधल्या द्रासला गेला तर अर्धं पाणी घालणारा शेजारी सुखात आणि हा अडचणीत.

विमानवाल्यांनी हा धडा महागात शिकला. स्पिटफायरमधल्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनात सुरुवातीला नुसतं ग्लायकॉल फिरायचं. उकळणबिंदू उंच, म्हणून छोटा रेडिएटर चालेल, असा हिशेब होता. पण ग्लायकॉल उष्णता कमी उचलतं, सांध्यांतून झिरपतं आणि गरम धातूवर पडलं तर पेटतं. पुढच्या मर्लिनमध्ये 70 टक्के पाणी, 30 टक्के ग्लायकॉल आणि वर दाब, असा बदल झाला. इंजिनं जास्त ताकद देऊ लागली. पाण्याकडे परत जावं लागलं, ही गोष्ट मी "कूलंट जितकं दाट तितकं चांगलं" म्हणणाऱ्यांना आवर्जून सांगतो.

दाबाचा मुद्दा सोडून चालणार नाही, कारण रेडिएटरच्या झाकणाइतका दुर्लक्षित भाग गाडीत दुसरा नाही. त्या झाकणात एक स्प्रिंग असते आणि ती आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारने जास्त राहू देते. एवढ्यानेच साधं पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं ग्लायकॉल घालून उकळणबिंदू वाढतो फक्त सात-आठ अंश, झाकणाने वाढतो वीस. म्हणजे उन्हाळ्यात उकळी थोपवण्याचं श्रेय कूलंटच्या डब्यावर छापलं जातं, आणि खरं काम शंभर-दोनशे रुपयांचं झाकण करतं. गरम इंजिनाचं झाकण उघडू नये ते याचसाठी. आतलं पाणी 110 अंशांवर दाबामुळे गप्प बसलेलं असतं. दाब सुटला की त्यातलं थोडं एका क्षणात वाफ होतं आणि उरलेलं उकळतं पाणी घेऊन तोंडावर येतं. आमच्या गावच्या स्टँडवर एका जुन्या ड्रायव्हरकाकांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत त्याची खूण होती. विचारलं की म्हणायचे, "फडकं होतं हातात, पण घाई बी होती."

घाटाची आठवण ज्यांना आहे त्यांना हे सांगायला नको. एक्स्प्रेस-वे पुरता सुरू झाला 2002 साली. त्याच्या आधी मे महिन्यात बोरघाटात कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग हा प्रवासाचाच भाग होता. शिंगरोबाला नाणं टाकायचं आणि गाडीला पाणी पाजायचं, दोन्ही त्याच श्रद्धेने. आमच्या घरच्या फियाटमध्ये डिकीत पाण्याचा डबा कायम असायचा आणि तो पिण्याचा नाही हे आम्हा मुलांना दर वेळी बजावलं जायचं. खंबाटकीच्या वळणांवर वडील काट्याकडे बघत आणि आई वडिलांकडे. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांनी मुंबईत ऑक्टोबर 2023 मध्ये निरोप घेतला तेव्हा सगळ्यांनी हळवं लिहिलं. त्यांना कडेला घेऊन पाणी पाजणाऱ्या ड्रायव्हरांच्या तासांचा हिशेब कुणी मांडला नाही.

त्या गाड्यांना नळाचं, विहिरीचं, ओढ्याचं कसलंही पाणी चालायचं. ब्लॉक बिडाचा, रेडिएटर तांब्या-पितळेचा. दोन्ही जाड आणि सोशिक. गंज धरायचा, पाणी विटकरी व्हायचं, पण गाडी चालायची. दोन-तीन वर्षांनी रेडिएटर चोक झाला की तो उतरवून रेडिएटरवाल्याकडे द्यायचा. तो वरची टाकी डाख सोडवून काढायचा, एकेका नळीत पातळ सळई घालून आतला थर फोडायचा आणि पुन्हा डाख देऊन टाकी बसवायचा. याला रॉडिंग म्हणत. साताऱ्यात, कोल्हापुरात, पुण्याच्या नाना पेठेत अशी दुकानं असायची. आता बहुतेक गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमच्या जाळीचे आणि प्लास्टिकच्या टाक्यांचे. ते उघडत नाहीत, डाख घेत नाहीत. गेला की नवा. रॉडिंगची कला ज्या हातांत होती ते हात आता एसीचे पाइप जोडतात.

आमचे मिस्त्री त्या जुन्या जगातले. मी पहिल्यांदा कूलंटचा डबा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "सर, आपल्याकडं काय बर्फ पडतंय? मग बर्फाचं औषध कशाला?" 'आपल्याकडं काय' हे त्यांचं लाडकं शास्त्र. याच शास्त्राने त्यांनी गावातल्या निम्म्या गाड्यांचे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारे वॉल्व, काढून टाकले होते. आपल्याकडं काय थंडी आहे, वॉल्व काढला की पाणी मोकळं फिरतं, गाडी गार राहते. गार राहते हे खरंच. पण थर्मोस्टॅट असतोच इंजिनाला पटकन 80-90 अंशांवर नेण्यासाठी. त्याखाली इंजिन रेंगाळलं की पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधला ओलावा उडत नाही, सिलिंडर झिजतात. इंजिनाला गार असायचं नसतं, ठरलेल्या गरमीत असायचं असतं.

थर्मोस्टॅटबद्दल त्यांच्याशी माझं कधीच जमलं नाही. कूलंटबद्दल मात्र मी जितकं वाचत गेलो तितकं मला वाटायला लागलं, की त्यांचं अर्धं बरोबर होतं. बर्फाचं औषध आपल्याला खरोखरच नको. पण त्या डब्यात बर्फाच्या औषधाबरोबर दुसरंही काहीतरी असतं, आणि ते प्रमाणाने अगदी थोडं असतं.

कॉन्सन्ट्रेटच्या डब्यात नव्वद-पंच्याण्णव टक्के ग्लायकॉल. उरलेल्या थोड्या टक्क्यांत गंजरोधक क्षार, आम्लं, फेस मारणारं द्रव्य आणि रंग. मैदानी महाराष्ट्रात चालणाऱ्या गाडीला त्या डब्यातल्या या शेवटच्या मूठभर गोष्टीच हव्या असतात. ॲल्युमिनियम हवेत स्वतःवर ऑक्साइडचं कवच धरतं, पण पाणी फार आम्ल किंवा फार अल्कली झालं की ते कवच विरघळतं. शेजारी लोखंड किंवा तांबं असेल आणि मधल्या पाण्यात क्षार असतील तर वेगळ्या धातूंच्या जोडीतून बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम झिजतं. आपल्या बोअरचं पाणी तर बहुधा जड. उकळलं की त्यातला चुना भांड्याला धरतो तसाच तो इंजिनाच्या सगळ्यात गरम भागाला धरतो, म्हणजे नेमका जिथे नको तिथे. आणि ग्लायकॉल स्वतः काही साधू नाही. तापून तापून, हवा लागून त्याची आम्लं होतात. गंजरोधक संपलेलं जुनं ग्लायकॉल धातूला साध्या पाण्याहून वाईट. "रंग अजून छान आहे, राहू दे" असं म्हणून आठ-आठ वर्षं तेच ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की रंग टिकतो, गंजरोधक संपतात.

या गंजरोधकांचीही घराणी आहेत. जुनं हिरवं कूलंट सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट अशा खनिज क्षारांवर चालायचं. जमीन सारवावी तसं ते आतल्या सगळ्या धातूवर पातळ थर देतं. लगेच देतं, पण त्यात स्वतः खर्च होतं, म्हणून दोन वर्षांत बदलायचं. नव्वदच्या दशकात सेंद्रिय आम्लांवरचं कूलंट आलं. ते सगळीकडे थर देत बसत नाही. जिथे गंज सुरू होतो तिथेच जाऊन चिकटतं, म्हणून पाच-पाच वर्षं पुरतं. आणि मग दोन्हींचे संकर निघाले.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथे आहे. युरोपच्या गाडीवाल्यांनी फॉस्फेट टाळलं आणि सिलिकेट ठेवलं. जपान्यांनी सिलिकेट टाळलं आणि फॉस्फेट ठेवलं. का? युरोपात बऱ्याच भागांत नळाला जड पाणी येतं. त्यातल्या कॅल्शियमला फॉस्फेट भेटलं की खडूसारखा गाळ तयार होतो. जपानचं पाणी मृदू, त्यांना ती भीती नाही. उलट सिलिकेटमुळे पाण्याच्या पंपाचं सील झिजतं, असं त्यांचं मत. म्हणजे टोयोटाचं गुलाबी, होंडाचं निळं आणि चाकणला जुळणाऱ्या जर्मन गाड्यांचं जांभळट कूलंट यांतला फरक शोधत गेलं, तर तो शेवटी कुणाच्या तरी गावच्या नळाशी जाऊन पोचतो. आणि आपण काय करतो? जपानी नळासाठी बेतलेलं कॉन्सन्ट्रेट घेतो आणि त्यात मराठवाड्याच्या बोअरचं पाणी ओततो. तेवढ्यासाठी एकच आग्रह धरावा असं मला वाटतं. पाणी घालायचंच असेल तर डिस्टिल्ड, जे पेट्रोलपंपावर बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं. नाही तर तयार मिसळलेलं घ्यावं. बाटलीचं मिनरल वॉटर म्हणजे शुद्ध, असं समजून ते ओतणारे पुष्कळ भेटतात. त्यात खनिजं असतात म्हणूनच ते प्यायला बरं लागतं.

रंगाचं मात्र कुठलंही शास्त्र नाही. कूलंट मुळात बिनरंगी. रंग गळती दिसावी म्हणून घालतात आणि कुणी कुठला घालावा याला नियम नाही. एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं, दुसरीचं हिरवं सेंद्रिय. दुकानदार "हिरवं देऊ की लाल?" असं विचारतो तेव्हा तो काहीच विचारत नसतो. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत मानक लिहिलेलं असतं. जपानी जेआयएस के 2234, अमेरिकी एएसटीएम डी 3306, आपलं आयएस 5759. आणि गाडीच्या पुस्तकात कंपनीचं नाव असतं. ते जुळवायचं. वेगळ्या घराण्याची कूलंट एकत्र केली की दर वेळी स्फोट होत नाही, दर वेळी शेवाळही धरत नाही. बहुतेकदा गंजरोधक एकमेकांचं काम बिघडवतात आणि पाच वर्षांचं आयुष्य दोनवर येतं. काही जोड्यांत मात्र सिलिकेट खाली बसून जेलीसारखा गाळ होतो आणि तो हीटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. हीटर आपण लावत नाही, त्यामुळे ते कळतही नाही.

ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांचं दुखणं निराळं. मोठ्या डिझेल इंजिनात लायनर, म्हणजे ज्यात पिस्टन फिरतो ती लोखंडी नळी, थेट पाण्यात उभा असतो. प्रत्येक स्फोटाला तो अगदी सूक्ष्म थरथरतो. थरथरून मागे येताना त्याच्या अंगालगत पाण्यात क्षणभर पोकळी होते, बुडबुडे उठतात आणि लगेच फुटतात. त्या फुटण्याचा मार इतका नेमका आणि सततचा असतो, की लोखंडाला सुईच्या अग्राएवढी भोकं पडतात आणि एके दिवशी पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. याला पिटिंग म्हणतात. त्यावर नायट्राइट घालतात. ते लायनरवर कठीण थर धरतं, मार त्या थराला बसतो आणि थर पुन्हा भरून येतो. हे द्रव्य खर्च होत जातं, म्हणून अधूनमधून कागदी पट्टी बुडवून मोजायचं आणि कमी झालं तर वरून भर घालायची. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मालकाला ही पट्टी दाखवावी आणि त्याचा चेहरा बघावा! पण कूलंटमध्ये वरून काही मिसळण्याचं सबळ कारण कुठे असेल तर ते इथे आहे.

बाकी वरून मिसळायच्या बाटल्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. पाण्याचा पृष्ठताण कमी करणारी द्रव्यं मिळतात, वॉटर वेटर वगैरे नावांची. गरम धातूवर वाफेचे बुडबुडे चिकटून राहिले की तिथे पाणी पोचत नाही. पृष्ठताण कमी केला की बुडबुडे लवकर सुटतात. तत्त्व खरं आहे. शर्यतीच्या गाड्यांना ते उपयोगी पडतं, कारण पुष्कळ ट्रॅकवर ग्लायकॉलला बंदी असते. सांडलं तर रस्ता निसरडा होतो आणि मागचे घसरतात. तिथे साधं पाणी आणि ही बाटली, अशी जोडी बसते. ग्लायकॉल असलेल्या घरच्या गाडीत फरक नगण्य. रेडिएटर चोक असेल, फॅन फिरत नसेल, झाकण सैल असेल तर बाटलीने काही होत नाही.

गळती बंद करणारी पावडर हा दुसरा प्रकार. आपल्या हायवेवर तिचं काम हळद करत आली आहे. रेडिएटर ठिबकायला लागला की ढाब्यावरून हळद मागायची आणि पुडी आत सोडायची. कण फुगून बारीक भोकात अडकतात, गाडी मुक्कामाला पोचते. अंड्याचा पांढरा बलक घालणारेही आहेत. मध्यरात्री ओसाड रस्त्यावर मीही नाक मुरडणार नाही. पण हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही, आणि आजच्या रेडिएटरच्या नळ्या आतून दीड-दोन मिलिमीटरच्या असतात. पोचल्यावर सगळं धुऊन काढलं नाही, तर उपाय दुखण्याला मागे टाकतो.

मग ग्लायकॉल सोडूनच द्यायचं म्हटलं तर? उष्ण देशात हा विचार झालेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या मानकात कूलंटचे ए आणि बी असे दोन वर्ग केले आहेत. ए मध्ये ग्लायकॉल पुरेसं, म्हणजे गोठण्यापासून बचाव. बी मध्ये ग्लायकॉल अगदी थोडं किंवा नाहीच, मुख्यतः पाणी आणि गंजरोधक. आमच्या मिस्त्रींनी हे वाचलं असतं तर गावभर सांगत फिरले असते. मला वाटतं, आपल्या बसेससाठी, टॅक्स्यांसाठी, कोकणात आणि विदर्भात आयुष्य काढणाऱ्या गाड्यांसाठी हा बी वर्ग सरळ शहाणपणाचा आहे. पण गाडी कंपनीला एकच कूलंट लेहलाही चालायला हवं आणि चंद्रपूरलाही. शिवाय पुण्याच्या माणसाला कधी लडाखची लहर येईल ते सांगता येत नाही. खार्दुंग ला 5359 मीटरवर. तिथे उघड्या भांड्यात पाणी 82-83 अंशांना उकळतं, झाकणाच्या दाबाखालीही उकळणबिंदू समुद्रसपाटीपेक्षा आठ-दहा अंशांनी खाली येतो, आणि रात्री तळाला गोठण्याची भीती. एकाच दिवसात दोन्ही टोकं. तिथे ग्लायकॉल आपली किंमत वसूल करतं.

पाण्यालाच रजा देणारंही एक कूलंट आहे, निव्वळ ग्लायकॉलच्या मिश्रणाचं. उकळतं 180 अंशांच्या वर, त्यामुळे दाब लागत नाही, गंज नाही. जुन्या, हौसेने जपलेल्या गाड्यांचे मालक ते घालतात, कारण वर्षातून दहादा निघणाऱ्या गाडीला गंजाची भीती गरमीपेक्षा मोठी. पण ते उष्णता कमी उचलतं आणि इंजिन जास्त गरम चालतं, मर्लिनचाच जुना धडा. वर ते महाग. वाटेत गळालं तर ढाब्यावरचं पाणी घालून चालत नाही, कारण मग त्याचा सगळा अर्थच जातो. हवेवर गार होणारी इंजिनं हा खरा पर्याय होता. फोक्सवॅगनची बीटल 1938 पासून 2003 पर्यंत त्यावर निघाली, पोर्शची 911 नव्वदच्या दशकाच्या अखेरपर्यंत. प्रदूषणाचे नियम कडक झाले, तापमान काटेकोर ठेवायची गरज आली आणि हवा मागे पडली. आपल्या कितीतरी रिक्षा मात्र पंख्याच्या वाऱ्यावर अजून पळतात. त्या रिक्षावाल्याला रेडिएटर नाही, झाकण नाही, हा लेखही नाही.

एक पर्याय असा आहे, ज्याचं कारण गारव्याशी संबंधितच नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल. गारव्यात इथिलीनपेक्षा किंचित कमी, किमतीने जास्त. मग कशासाठी? इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि जीव घेतं. शरीरात त्याचं विघटन होऊन शेवटी ऑक्झॅलेट बनतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. त्यावर डॉक्टर जे उतारे देतात त्यांतला एक साधं अल्कोहोल आहे. यकृतातलं एकच विकर (एन्झाइम) दोन्ही पचवतं, ते अल्कोहोलमध्ये गुंतलं की ग्लायकॉल न फुटता लघवीवाटे निघून जातं. ग्लायकॉलचं सख्खं भावंड डायइथिलीन ग्लायकॉल मुंबईला चांगलंच माहीत आहे. 1986 च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात औषधाच्या ग्लिसरीनमधून ते रुग्णांच्या पोटात गेलं आणि 14 जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्यातली अनास्था पानोपानी उघडी केली. एवढं माहीत असूनही आपल्याकडे गॅरेजमध्ये रेडिएटरचा खालचा होज काढून जुनं कूलंट सरळ गटारात सोडतात. उन्हाळ्यात तहानलेली कुत्री तिथेच असतात. अमेरिकेतल्या काही राज्यांत कूलंटमध्ये कडू द्रव्य घालण्याची सक्ती आहे. आपल्या गॅरेजांत एक जुना डबा खाली धरला तरी पुष्कळ.

मिस्त्रींचा मुलगा आता गॅरेज बघतो. तो थर्मोस्टॅट काढत नाही, डब्यामागचं मानक वाचतो आणि खाली डबा धरतो, दोनदा सांगितल्यावर का होईना. परवा त्याच्याकडे एक इलेक्ट्रिक गाडी आली होती आणि त्याने मला मुद्दाम बोलावून बॉनेटखालची बाटली दाखवली. "सर, हिला पण कूलंट!" इंजिन नाही, धूर नाही, पण बॅटरीला फार तापून चालत नाही, म्हणून तिच्याखालून तेच पाणी-ग्लायकॉल फिरतं. फक्त इथे नवा पेच आहे. गंजरोधक म्हणजे बव्हंशी क्षार, आणि क्षार आले की पाण्यातून वीज वाहते. शेकडो व्होल्टच्या बॅटरीत गळती झाली तर हेच मिश्रण शॉर्टसर्किटचा रस्ता होतं. म्हणून आता क्षार अगदी कमी असलेली, वीज जवळपास न वाहू देणारी कूलंट बनवायची खटपट चालू आहे. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांत तर कूलंटमध्ये उतरलेले आयन गाळून घ्यायला वेगळा फिल्टर लावावा लागतो. मी हे सांगत असताना पोरगं बाटलीवर टॉर्च मारून आतला रंग बघत होतं.

"निळं आहे," तो म्हणाला. "आपल्याकडं हिरवंच पडलंय सध्या. चालेल का?"

मी त्याला गाडीचं पुस्तक काढायला सांगितलं.